पडदा अजून चांगला आहे

बंद पडलेल्या संगणकाची पाठ उघडायला टीव्ही दुरुस्त करणाऱ्या दादांना चाळीस मिनिटं लागली. स्क्रू चारच होते. बाकी सगळं झाकण कडेनं प्लास्टिकच्या खाचांत घट्ट बसवलेलं. दादा एक जुनं एटीएम कार्ड फटीत सरकवून एकेक खाच सोडवत होते. एक खाच मोडली तेव्हा त्यांनी जीभ चावली आणि माझ्याकडं पाहिलं. अभ्यासिकेतली मुलं पुस्तकं पालथी घालून टेबलाभोवती जमली होती. शेवटी झाकण निघालं. आत लॅपटॉपात असतो तेवढाच हिरवा बोर्ड, एक हार्ड डिस्क, एक चपटा पंखा आणि आठ वर्षांची धूळ. बोर्डाच्या कोपऱ्यात जळल्याचा काळा डाग होता. दादांनी पडद्यामागच्या पत्र्यावर बोटानं टकटक केलं आणि म्हणाले, "ताई, ह्याला कायबी झालेलं नाई बगा. पडदा अजून चांगला हाय. गेलंय ते मागचं."

त्यांच्या या वाक्यानं माझी पुढची सगळी खरेदी बदलली.

मी परभणी जिल्ह्यात सेलूला एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. २०१७ मध्ये आमच्याकडे चार ऑल-इन-वन संगणक आले. ऑल-इन-वन म्हणजे पडदा आणि संगणक एकाच अंगात, टेबलाखाली वेगळा डबा नाही. तेव्हा आमची अडचण जागेची होती. भिंतीलगतच्या टेबलाची रुंदी दीड फूट. त्यावर डबा, मॉनिटर, यूपीएस आणि वायरींचं जंजाळ मावलंच नसतं. ऑल-इन-वनला विजेची एकच वायर, शिवाय वीजही कमी लागते, त्यामुळे लाइट गेली तरी इन्व्हर्टरवर दोन यंत्रं निवांत चालायची. तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो. चूक झाली ती यंत्र निवडताना. आम्ही माहितीपत्रकावरचा फोटो आणि किंमत पाहिली. त्याच्यापुढे रोज कोण बसणार आणि बिघडलं तर ते उघडणार कोण, हे कुणी विचारलं नाही.

आमच्यासारख्या गावात चार संगणकांवर किती कामं होतात हे बाहेरच्या माणसाला पटकन लक्षात येणार नाही. स्पर्धा परीक्षेचे आणि पोलीस भरतीचे फॉर्म, शिष्यवृत्ती, नीटचा निकाल, सातबारा, सराव चाचण्या. दुपारी निवृत्त मंडळी जुन्या मासिकांचे स्कॅन केलेले अंक वाचतात. फॉर्मची शेवटची तारीख असली की मुलं मानवत-पाथरीकडूनही येतात, कारण गावात मोबाइलवर फॉर्म भरता भरता नेट जातं. अशा दिवशी एक यंत्र बंद असणं म्हणजे कुणाचं तरी वर्ष जाणं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून हा विषय मला इतका जवळचा आहे.

२०२५ च्या उन्हाळ्यात परिस्थिती अशी होती. पहिलं यंत्र मे महिन्यात वळिवाच्या पावसात गेलं. वीज कडाडली, लाइट दोनदा गेली-आली, आणि त्यानंतर ते उठलंच नाही. दुसरं पंधरा मिनिटं चालून आपोआप बंद व्हायचं. तिसऱ्याचं बटण दाबून बाहेर जाऊन चहा पिऊन आलं तरी ते सुरूच होत असायचं. चौथ्याची हार्ड डिस्क कटकट वाजायला लागली होती. त्यात विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ नंतर नेहमीचे सुरक्षा अपडेट मिळणार नव्हते. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, आणि आमची चारही यंत्रं सातव्या पिढीची. पहिल्या यंत्राचा बोर्ड बदलायला सेवा केंद्रानं जी रक्कम सांगितली ती नव्या यंत्राच्या निम्म्याहून जास्त होती. "निदान पडदा तरी मॉनिटर म्हणून वापरता येईल का?" असं मी फोनवर विचारलं. "मॅडम, तशी सोय या मॉडेलमध्ये दिलेली नाही," एवढंच उत्तर मिळालं.

आमचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक आहेत. ते म्हणाले, "ताई, चारी काढून टाका, नवीन घ्या. देणगीदार तयार आहेत." मी म्हटलं, "सर, मला एक महिना द्या. आधी लोकांना विचारते." त्यांनी दिला, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

काउंटरवर दोनशे पानी वही ठेवली, पेन दोऱ्यानं बांधला आणि मुखपृष्ठावर लिहिलं: नवीन संगणकात काय पाहिजे? पहिल्या आठवड्यात तीन प्रकारची उत्तरं आली. फास्ट पाहिजे. मोठा पडदा पाहिजे. नेट चांगलं पाहिजे. यातून काही ठरवता येईना. मग मी पद्धत बदलली. रोज दुपारी एकेका माणसाशेजारी खुर्ची घेऊन बसले आणि ते कुठं अडतात ते पाहून मीच वहीत लिहीत गेले. माणसाला काय हवंय ते तोंडानं नीट सांगता येत नाही, पण हात कुठं अडखळतो ते दिसतं.

एका मुलीला पेन ड्राइव्ह लावायचा होता. आमच्या यंत्राची यूएसबी भोकं मागच्या बाजूला, पडद्याच्या मधोमध. ती उभी राहिली, पडद्यावरून वाकली, चाचपडत भोक शोधलं, उलटं लागलं, परत काढलं. या झटापटीत यंत्र पुढं सरकलं आणि शेजारच्याची नेटची वायर निघाली. त्याच दिवशी मी वहीत लिहिलं: निदान दोन यूएसबी आणि हेडफोनचं भोक कडेला किंवा खालच्या पट्टीवर, बसल्या जागी हात पोचेल असं. अंगठ्याच्या ठशाचं यंत्र, स्कॅनर, पेन ड्राइव्ह हे सगळं आमच्याकडे दिवसाला पन्नास वेळा लागतं आणि निघतं. सडपातळ दिसण्यासाठी भोकं मागं लपवायची, ही रचना यंत्राकडं लांबून पाहणाऱ्यासाठी केलेली आहे.

आमच्याकडे एक तरुण येतो, त्याला दिसत नाही. तो एनव्हीडीए नावाच्या मोफत सॉफ्टवेअरवर काम करतो. ते पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतं, मराठीही वाचतं. त्याची अडचण मी आठ वर्षांत एकदाही समजून घेतली नव्हती. हेडफोनचं भोक मागं असल्यामुळे त्याला दर वेळी कुणाला तरी हाक मारावी लागायची. शिवाय यंत्र सुरू झालं की नाही हे त्याला कळायचं नाही, कारण बटण स्पर्शाचं होतं; दाबल्याची जाणीव देणारं नव्हतं. तो म्हणाला, "मॅडम, बटण असं पाहिजे की दाबलं की बोटाला कळावं." नव्या यंत्रांच्या यादीत मी ही मागणी दुसऱ्या क्रमांकावर ठेवली.

मुलींनी वहीत नाव न घालता लिहिलं होतं: कॅमेऱ्याला झाकण पाहिजे. अभ्यासिकेत बसल्यावर समोर सतत एक डोळा असल्यासारखं वाटतं. यावर मी काहीच विचार केला नव्हता. आता काही यंत्रांत कॅमेरा वरून दाबून आत ढकलता येतो, काहींत सरकपट्टी असते. तीच घ्यायची असं ठरवलं.

झाडलोट करणाऱ्या मावशींना विचारलं तेव्हा त्या आधी लाजल्या. मग म्हणाल्या, "ताई, मी रोज संध्याकाळी त्याला फडकं पांघरतेय, धूळ बसू नाई म्हणून. पण ते कधी कधी गरमच असतंय." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ऑल-इन-वनची गरम हवा वरच्या फटीतून बाहेर जाते. मुलं पडदा काळा झाला की यंत्र बंद झालं समजून निघून जात, प्रत्यक्षात ते झोपेत असायचं, आणि वरून कापड. दुसरं यंत्र पंधरा मिनिटांत बंद का पडायचं त्याचं अर्धं उत्तर इथं होतं. उरलेलं अर्धं आमच्या हवेत आहे. इथं एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या पुढं सहज जातो, कापसाच्या हंगामात बारीक तूस उडतं, आणि ते त्या चपट्या पंख्याच्या पात्यांत नमद्यासारखं बसतं. मावशींची मागणी मी त्यांच्याच शब्दांत उतरवली: "जिथून वारा घेतंय ती जाळी काढून झटकता आली पाहिजे." पंख्यापुढे काढता येणारी जाळी ही किती साधी गोष्ट आहे! मी पुढं जी यंत्रं पाहिली त्यातल्या एकातही ती नव्हती.

पंच्याहत्तरीचे एक गुरुजी रोज तीन वाजता जुनी मासिकं वाचायला येतात. त्यांना मी विचारलं, "गुरुजी, मोठा पडदा घेऊ का?" ते म्हणाले, "मोठा कामून? मला रफार दिसला म्हणजे झालं. 'कर्म' अन् 'कम' यातला फरक कळंना झालाय." गुरुजींच्या बोलण्यावर मी रात्रभर विचार केला आणि सकाळी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला. पडदा मोठा असणं वेगळं आणि अक्षर स्वच्छ असणं वेगळं. फुल एचडी पडद्यावर १९२० आडवे आणि १०८० उभे ठिपके असतात, पडदा कितीही इंचाचा असो. आमच्या जुन्या साडेएकवीस इंची पडद्यावर इंचाला सुमारे १०२ ठिपके बसतात. तेच ठिपके २३.८ इंचांवर पसरले की ९३ होतात, २७ इंचांवर ८२. म्हणजे दुकानदार ज्याला मोठा, नवा, सुधारित म्हणतो त्या २७ इंची फुल एचडी पडद्यावर अक्षर आमच्या जुन्या पडद्यापेक्षा भरड दिसणार. इंग्रजी अक्षर हे सहन करतं. आपल्या अक्षरावर रफार, अनुस्वार, वेलांट्या बसतात, खाली उकार आणि ऋकार लटकतात, मध्ये 'ष्ट्य' सारखं जोडाक्षर येतं. तेवढ्याच उंचीत तीन मजले. मराठी वाचणाऱ्यानं इंचांआधी ठिपके विचारावेत, हे मला गुरुजींमुळे कळलं. २७ इंच घ्यायचाच असेल तर २५६० बाय १४४० घ्यावा, तेव्हा कुठं ते इंचाला १०९ पर्यंत जातं.

वहीत आणखी बरंच होतं. देवनागरी अक्षरं छापलेला, वायरचा कीबोर्ड, कारण सोबत येणाऱ्या बिनवायरच्या कीबोर्डचे सेल संपतात आणि माउस हरवतो. ट्यूबलाइटची चमक न पडणारा निस्तेज पडदा. उंची कमी-जास्त होणारा स्टँड. आमच्याकडे सातवीचं पोर आणि सहा फुटी भरतीवाला एकाच खुर्चीत बसतात. नेटच्या वायरचं भोक. आणि लाइट गेल्यावर निदान दहा मिनिटं टिकेल एवढी आतली बॅटरी. ही शेवटची मागणी सगळ्यात जास्त जणांनी केली होती. फॉर्म भरून "सबमिट" दाबायच्या क्षणी लाइट जाणं म्हणजे काय, ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. इन्व्हर्टर आहे, पण त्याच्या मागं यूपीएसचा खटका असतो तो योग्य बाजूला ठेवला नाही तर बदल व्हायला वेळ लागतो आणि तेवढ्यात संगणक बंद पडतो. आमचा खटका सहा वर्षं चुकीच्या बाजूला होता. तो मी त्याच दिवशी फिरवला आणि एक तक्रार बिनपैशांत मिटली.

महिना संपल्यावर मी वही पिशवीत घातली आणि मराठवाडा एक्सप्रेसनं संभाजीनगरला गेले. परभणीची दुकानं आधीच पालथी घातली होती. तिथं पेटी उघडून दाखवायला कुणी तयार नव्हतं. संभाजीनगरला कॅनॉट परिसरात आणि निराला बाजारात दिवसभर फिरले. पेन ड्राइव्हमध्ये जुन्या मासिकाचं एक पान स्कॅन करून नेलं होतं, बारीक टाइपाचं, भरपूर जोडाक्षरांचं. प्रत्येक पडद्यावर तेच पान उघडायला लावायची. स्वस्त पडद्यांच्या कागदावर रंगांपुढं "४५ टक्के एनटीएससी" असं लिहिलेलं असतं, म्हणजे तो रंग कमी दाखवतो. पिवळसर जुना कागद त्यावर राखाडी दिसतो. चांगल्या पडद्यावर पान पानासारखं दिसतं.

एका दुकानातल्या पोरानं मला फार उपयोगाची गोष्ट दाखवली. मी विचारलं होतं, "बाळा, याची रॅम पुढं वाढवता येईल का?" त्यानं पेटी न उघडता विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर गेला. तिथं "स्लॉट्स यूज्ड" पुढं "१ ऑफ २" असं लिहिलं होतं, आणि "फॉर्म फॅक्टर" पुढं "एसओडिम". म्हणजे लॅपटॉपात बसते तशी काढता-घालता येणारी पट्टी आहे आणि एक जागा रिकामी आहे. शेजारच्या अधिक महागड्या, अधिक सडपातळ यंत्रावर त्याच जागी "रो ऑफ चिप्स" लिहिलेलं होतं. म्हणजे रॅम बोर्डावरच डाख देऊन बसवलेली. आज घेतली तेवढीच जन्मभर. कुणी सांगितलं नाही तर हे गिऱ्हाइकाला कळत नाही. त्या पोराला मी मनापासून धन्यवाद दिले.

प्रोसेसरचंही तसंच. सगळे "आय-फाइव्ह, आय-फाइव्ह" म्हणतात. ऑल-इन-वनमध्ये बहुतेकदा नावाच्या शेवटी "यू" असलेला, लॅपटॉपसाठीचा कमी विजेचा प्रोसेसर असतो. आमच्या कामाला तो भरपूर आहे आणि तापतही कमी. फक्त त्याला डब्यातल्या आय-फाइव्हचा भाव देऊ नये. एका ठिकाणी एन१०० या इंटेलच्या साध्या प्रोसेसरचं स्वस्त यंत्र दाखवलं; चार छोटे गाभे, सहा वॅटचा. ते पुस्तकसूची पाहायला चालेल, पण दहा टॅब उघडून व्हिडिओ लेक्चर पाहणाऱ्या पोरासमोर ठेवायला माझं मन घेईना.

निराला बाजाराजवळ माझ्या मावसभावाचं डिझाइनचं काम चालतं. त्याच्याकडे २०१३ चा आयमॅक, म्हणजे अॅपलचा ऑल-इन-वन, आहे. तो त्यानं अॅपलच्याच जुन्या लॅपटॉपला वायरीनं जोडून नुसता पडदा म्हणून वापरात ठेवला होता. मी तिथं उभी राहून पाहतच राहिले. अॅपलनं २००९ ते २०१४ दरम्यानच्या बऱ्याच आयमॅकमध्ये ही सोय दिली होती. पुढे आणखी बारीक ठिपक्यांच्या ५के पडद्याचे आयमॅक आले तेव्हा ती काढून घेतली. माझ्या समोर शेजारच्या टेबलावर त्याचा २०२१ चा २४ इंची आयमॅक होता. साडेअकरा मिलिमीटर जाड, इंचाला २१८ ठिपके. माझं मासिकाचं पान त्यावर छापल्यासारखं दिसलं. त्यासारखा पडदा मी दिवसभरात पाहिला नव्हता. पण त्यात नंतर रॅम वाढवता येत नाही. पूर्वीच्या २७ इंची आयमॅकला मागं रॅमचं झाकण असायचं. तो आकारच मार्च २०२२ मध्ये विक्रीतून गेला. मावसभाऊ म्हणाला, "ताई, ह्याचं डोकं म्हातारं झालं की एवढा सुंदर पडदा पण त्याच्याबरोबर जाणार, ह्याचं मला लई वाईट वाटतं." आमच्या जळलेल्या यंत्राची किंमत त्याच्या यंत्रापुढं काहीच नाही, पण दुखणं एकच होतं.

परतीच्या गाडीत मी वही उघडली आणि सगळ्यात वर लिहिलं: पडद्याला बाहेरून चित्र घेता आलं पाहिजे. इथं एक घोळ फार होतो. यंत्राच्या मागं एचडीएमआयचं भोक असतं, दुकानदार म्हणतो "आहे की मॅडम." पण बहुतेक वेळा ते "आउट" असतं, म्हणजे या संगणकाचं चित्र दुसऱ्या टीव्हीवर न्यायचं. आपल्याला हवं ते "इन." काही मोजक्या यंत्रांत दोन्ही असतात, शेजारी शेजारी. यंत्र निकामी झालं तरी पडदा "इन" मुळे पुढं आठ-दहा वर्षं मॉनिटर म्हणून चालू शकतो. मात्र ही सोय यंत्राचा बोर्ड मेल्यावरही चालते का, हे खरेदीआधी संगणक बंद ठेवून, दुसरा लॅपटॉप जोडून पाहावं. मी पुढच्या फेरीत तसंच करून पाहिलं.

दरम्यान आमचे टीव्हीवाले दादा गप्प बसले नव्हते. त्यांनी जळलेल्या यंत्राच्या पॅनेलमागचा स्टिकर मोबाइलमध्ये टिपून घेतला, त्यावरचा मॉडेल नंबर शोधला आणि त्याला जुळणारा छोटा बोर्ड मागवला. टीव्ही-मॉनिटरच्या दुरुस्तीत वापरतात तसला, एचडीएमआय घेऊन पॅनेलला चित्र देणारा. खर्च दोन हजारांच्या आत. पॅनेलची जुनी चपटी केबल बसेना, म्हणून नवी केबल आली. त्यांनी मला बजावून सांगितलं, "जुनं अडाप्टर लावू नका बरं का ताई. ते एकोणीस व्होल्टचं हाय, ह्या बोर्डाला बारा लागतंय. लावलं की गेलं." बोर्ड आतल्या रिकाम्या जागेत प्लास्टिकच्या बैठकीवर बसवला, बटणांची पट्टी बाहेर काढली, मोडलेली खाच गोंदानं चिकटवली. काउंटरवर देवघेवीच्या नोंदीसाठी जुना डबा-संगणक होता, त्याला अजून पंधरा इंची चौकोनी मॉनिटर होता. तो काढून हा लावला. बटण दाबलं आणि वीज पडून मेलेल्या यंत्राचा पडदा लखलखीत उजळला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला भरून आलं, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

मग बाकीच्या तिघांकडं पाहायची माझी नजरच बदलली. दुसऱ्या यंत्राचा पंखा दादांनी ब्रशनं आणि ब्लोअरनं साफ केला, प्रोसेसरवरची वाळून खडू झालेली पेस्ट खरवडून नवी लावली. तिसऱ्या आणि चौथ्याच्या फिरत्या हार्ड डिस्क काढून त्यांच्या जागी न फिरणाऱ्या, वेगवान एसएसडी बसवल्या, तिन्हींची रॅम चारवरून आठ जीबी केली. चहा पिऊन येईपर्यंत सुरू न होणारं यंत्र पाऊण मिनिटाच्या आत उभं राहायला लागलं. "फास्ट पाहिजे" लिहिणाऱ्या मुलांची निम्मी मागणी त्या एसएसडीत होती. एका यंत्राची तारीख दर सोमवारी मागं जायची आणि सरकारी संकेतस्थळं "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणून उघडत नसत. रविवारी मुख्य बटण बंद असतं ना! आतला नाण्याएवढा सीआर२०३२ सेल बदलला, तारीख जागेवर राहिली. जुन्या विंडोजचा प्रश्न आम्ही विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकून सोडवला. ब्राउझर, मराठी टंकलेखन, पीडीएफ हे सगळं त्यावर होतं. काही संकेतस्थळांना आणि अंगठ्याच्या यंत्राला विंडोजच लागतं, आणि एनव्हीडीए वापरणाऱ्या तरुणालाही. म्हणून नवी यंत्रं विंडोज ११ ची घ्यायची, पण चार नव्हे, दोनच.

समितीच्या बैठकीत हे सांगितलं तेव्हा सरांनी वही मागून घेतली आणि पहिल्या पानापासून वाचली. तीन कोटेशन आधीच आली होती. मी त्यांना माझी यादी पाठवून पुन्हा लेखी उत्तर मागितलं. त्यात दोन प्रश्न मुद्दाम घातले होते. पहिला: "ऑनसाइट वॉरंटी" सेलूच्या पिनकोडवर आहे का, की यंत्र आम्हीच संभाजीनगरला आणून द्यायचं? दुसरा: रॅम किंवा डिस्क बदलण्यासाठी झाकण उघडलं तर वॉरंटी जाते का, आणि दुरुस्तीला देताना डिस्क आम्ही काढून ठेवली तर चालेल का? त्या डिस्कवर लोकांचे आधार, मार्कशीट, बँकेची पासबुकं चुकून राहिलेली असतात. एका दुकानानं दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरच दिलं नाही. दुसऱ्यानं दोन्हींना तोंडी "हो हो मॅडम" म्हटलं, लिहून दिलं नाही. तिसऱ्यानं लेखी दिलं. त्याचा भाव यंत्रामागं अडीच हजारांनी जास्त होता. समितीनं तो मंजूर केला.

यादीतलं सगळं मिळालं नाही. २३.८ इंची पडदा, निस्तेज काच, कॅमेरा आत ढकलता येणारा, दोन यूएसबी आणि हेडफोनचं भोक खालच्या पट्टीवर, बोटाला कळणारं बटण, एचडीएमआय इन आणि आउट दोन्ही. स्टँडची उंची मात्र बदलत नाही. सुताराकडून दोन पाट करून घेतले. आतली बॅटरी नाही. काढता येणारी जाळी नाही. ती दोन कलमं वहीत लाल पेनानं गोल करून ठेवली आहेत, आणि कंपनीच्या ग्राहक-अभिप्रायाच्या पत्त्यावर मराठीतच लिहून पाठवली आहेत. कळवलं नाही तर त्यांना कळणार कसं? सेलूत मे महिन्यात पंख्यात काय जातं, हे यंत्राचं चित्र काढणाऱ्याला ठाऊक असायचं कारण नाही.

यंत्रं आली त्या दिवशी दुकानाचा माणूस पेट्या उतरवून चलन पुढं करत होता. मी म्हटलं, "दादा, सहीआधी एकाचं झाकण उघडून दाखवा." तो म्हणाला, "मॅडम, असं कुणी म्हणत नाही." मी तिसऱ्या दुकानाचं लेखी उत्तर समोर ठेवलं. त्यानं दुकानात फोन लावला, दोन मिनिटं बोलला, मग खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. टीव्हीवाले दादा शेजारीच उभे होते, एटीएम कार्ड हातात घेऊन. त्याची गरज पडली नाही. दोन स्क्रू, एक सरकती पट्टी, आणि झाकण निघालं. रॅमची एक पट्टी, तिच्याशेजारी एक रिकामी जागा, त्याखाली एसएसडी. मावशी वाकून पाहत होत्या. त्यांनी विचारलं, "पंखा कुठला?" त्यानं बोट ठेवून दाखवला. मग मी सही केली.